क्षोभ, स्थैर्य आणि सक्रियित गाळ : काही रूढ संकल्पनांची चिकित्सा

१

गेल्या वीस वर्षांत सांडपाणी-शुद्धीकरणाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात एका प्रश्नाने फार मोठी जागा व्यापली आहे. शुद्धीकरण केंद्रातील सूक्ष्मजीवसमूहावर एखादा आघात झाला, म्हणजे विषारी द्रव्य आले, तापमान उतरले, वीज जाऊन हवा बंद पडली किंवा पावसाचे पाणी लोटले, तर तो समूह कसा वागतो? तो टिकतो की ढासळतो, ढासळला तर सावरतो का, आणि सावरण्यास त्याला किती काळ लागतो? या प्रश्नावरील निबंधांची संख्या आता इतकी झाली आहे की, नव्याने संशोधनास लागणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांत प्रवेश कोठून करावा हेच कळेनासे व्हावे. निबंध वाढले, यंत्रे सुधारली, जनुकीय अनुक्रमवाचनाचा खर्च उतरला. परंतु ज्या संकल्पनांच्या आधारे ही सारी सामग्री लावावयाची, त्यांची तपासणी त्या मानाने थोडीच झाली. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे. येथे नवे प्रयोग मांडलेले नाहीत. प्रसिद्ध झालेले काही महत्त्वाचे प्रयोग आणि त्यांवरून काढले जाणारे निष्कर्ष यांमधील अंतर मोजून पाहावे, एवढाच उद्देश आहे.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे मात्र कोणी समजू नये. रोज एक कोटी लिटर सांडपाणी घेणारे एखादे केंद्र आपण कल्पू या. त्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम अमोनियारूप नायट्रोजन असेल, तर दिवसाकाठी ३०० किलोग्रॅम नायट्रोजन केंद्रात येतो. एक ग्रॅम अमोनियारूप नायट्रोजनाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्यास हिशेबाने ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. केंद्रातील नायट्रीकरण बंद पडले, तर रोज सुमारे १३७० किलोग्रॅम ऑक्सिजनाची मागणी टाकीतून नदीकडे सरकते. शिवाय मुक्त अमोनिया माशांना विषारी असतो, तो निराळाच. म्हणून ‘समूह सावरला’ हे वाक्य कोणत्या पुराव्यावर लिहावयाचे, याला किंमत आहे. ते वाक्य चुकीचे लिहिले गेले, तर त्याचे फळ प्रयोगशाळेला भोगावे लागत नाही. ते नदीकाठच्या गावांना भोगावे लागते.

२

प्रथम या पद्धतीच्या जन्माकडे पाहू. ३ एप्रिल १९१४ रोजी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोन रसायनज्ञांनी मँचेस्टर येथे आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्यामागची प्रेरणा गिल्बर्ट फाउलर यांची होती. १९१२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रात सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग त्यांनी पाहिले होते. हेच फाउलर पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले, त्यामुळे या इतिहासाचा एक धागा आपल्या देशातही येऊन पोहोचतो. आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेतले, प्रकाश आत शिरू नये म्हणून त्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि आत हवा सोडीत राहिले. नायट्रीकरण पूर्ण होण्यास पहिल्या खेपेस सुमारे पाच आठवडे लागले. त्यानंतर त्यांनी वरचे निवळलेले पाणी काढून टाकले, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे पुनःपुन्हा केल्यावर लागणारा काळ उतरत गेला आणि अखेर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. अशा रीतीने साचलेल्या या गाळालाच ‘सक्रियित गाळ’ हे नाव मिळाले.

या प्रयोगाची कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत शोधाची कथा म्हणून येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तिच्यात आणखी एक अर्थ आहे. प्रत्येक खेपेला समूहाचे पाणी काढून घेतले जात होते, त्याच्यावर नवे व निराळे पाणी ओतले जात होते, आणि जो जीव तळाशी बसत नसे तो बाहेर फेकला जात होता. म्हणजे ज्याला आपण सक्रियित गाळ म्हणतो तो समूह क्षोभांच्या मालिकेतूनच निवडला गेला. आजच्या केंद्रांतही हीच स्थिती आहे. दिवस-रात्रीच्या वापराप्रमाणे येणाऱ्या पाण्याचा भार चढतो-उतरतो, जादा गाळ रोज काढून टाकला जातो, प्रत्येक जीवाणू निवळण टाकीतून फिरून परततो आणि त्या वाटेवर काही काळ ऑक्सिजनावाचून राहतो. ‘क्षोभापूर्वीची शांत स्थिती’ असे ज्याचे वर्णन निबंधांत येते, ती शांत स्थिती या टाकीत कधीच नसते. आपण ज्याला क्षोभ म्हणतो तो वस्तुतः नेहमीच्या क्षोभांपेक्षा मोठा किंवा अनोळखी क्षोभ असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर पुढची सारी परिभाषा पोकळ ठरण्याचा संभव आहे.

३

ही परिभाषा आली वनस्पती व प्राणी यांच्या परिस्थितिविज्ञानातून. सूक्ष्मजीवशास्त्रात ती रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः स्टीव्हन अ‍ॅलिसन आणि जेनिफर मार्टिनी यांच्या २००८ च्या परीक्षणात्मक निबंधाकडे जाते. त्यांनी तीन शक्यता वेगळ्या केल्या. क्षोभ होऊनही समूहाची घडण बदलत नाही, तेथे प्रतिकार. घडण बदलते पण पूर्ववत होते, तेथे पुनरावर्तन. आणि घडण बदलूनही कार्य तेच चालू राहते, तेथे पर्यायता. ही विभागणी सुटसुटीत आहे आणि तिने पुष्कळ गोंधळ कमी केला, हे मान्य केलेच पाहिजे. त्या लेखकांचा स्वतःचा निष्कर्षही सावध होता. पाहिलेल्या अभ्यासांपैकी बहुतेकांत समूहाची घडण क्षोभाने बदलते आणि लवकर पूर्ववत होत नाही, असे त्यांना आढळले. म्हणून ‘सूक्ष्मजीव काय, सगळीकडे असतात आणि लगेच सावरतात’ हे जुने गृहीत सोडून द्यावे, असे त्यांनी सुचविले.

तथापि त्यांनी पाहिलेले क्षोभ होते खत, तापमान, कर्बवायूची वाढ आणि कार्बनी द्रव्यांची भर या प्रकारचे, म्हणजे बहुधा जमिनीशी निगडित. जमिनीतून रोज ठरावीक हिस्सा कोणी उचलून नेत नाही, टाकीतून नेतो. हा भेद किरकोळ नाही, हे पुढे दिसून येईल.

दुसरी अडचण ‘पुनरावर्तन’ या शब्दाची आहे. १९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग यांनी या कल्पनेला जो अर्थ दिला, तो असा : एखादी व्यवस्था दुसऱ्याच अवस्थेत ढकलली जाण्यापूर्वी किती मोठा क्षोभ पचवू शकते, याचे माप. १९८४ मध्ये स्टुअर्ट पिम यांनी तोच शब्द समतोलाकडे परत येण्याच्या वेगासाठी वापरला. हे दोन अर्थ एक नव्हेत. रबर किती लवकर मूळ आकारावर येतो हा एक प्रश्न, आणि तो किती ताणला असता तुटतो हा दुसरा. आपल्या क्षेत्रातील बहुतेक निबंध पहिल्याचे उत्तर देतात आणि प्रस्तावनेत दुसऱ्याची आस्था दाखवितात. केंद्र चालविणाऱ्याला मात्र प्रामुख्याने दुसऱ्याचेच उत्तर हवे असते. गाळ तंतुमय जीवाणूंनी फुगला, निवळण टाकीत बसेनासा झाला आणि ती अवस्था मूळ कारण दूर झाल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकून राहिली, तर तेथे परत येण्याचा वेग मोजण्यात काय अर्थ? तेथे व्यवस्था दुसऱ्या खोलगटात जाऊन बसलेली असते.

४

आता घडण आणि कार्य यांच्या संबंधाकडे वळू. या बाबतीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला फर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग अद्याप मननीय आहे. ग्लुकोजवर चालणाऱ्या एका मिथेननिर्मिती करणाऱ्या पात्राचे त्यांनी ६०५ दिवस निरीक्षण केले. बाहेरून पाहता पात्राचे काम स्थिर होते; आतील जीवाणूंची घडण मात्र सतत पालटत होती. येथे कोणताही मोठा क्षोभ घडविलेला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. क्षोभावाचून जर घडण इतकी बदलत असेल, तर क्षोभानंतर ती ‘पूर्ववत झाली नाही’ या निरीक्षणाचे वजन किती मानावे? ज्या नदीचा प्रवाह मुळातच पात्र बदलतो, तिने पुरानंतर जुने पात्र धरले नाही म्हणून पुराला दोष देता येत नाही. त्यासाठी पूर न आलेल्या वर्षांतील बदलाचे माप हाताशी असावे लागते. अशी नियंत्रित तुलना क्षोभविषयक पुष्कळ निबंधांत नसते, किंवा असली तरी इतक्या थोड्या दिवसांची असते की तिच्यावरून स्वाभाविक चढउताराचा अंदाज येऊ नये.

यावर सहज उत्तर दिले जाते ते पर्यायतेचे : घडण बदलो, कार्य करणारे दुसरे जीव आहेतच. हे उत्तर सेंद्रिय द्रव्याच्या विघटनाला बरेचसे लागू पडते, कारण ते काम करणारे जीवाणू शेकडो प्रकारचे आहेत. नायट्रीकरणाला ते तसेच लावणे धोक्याचे आहे. विनोग्राड्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नायट्रीकारक जीवाणू वेगळे केले, तेव्हापासून हे काम मोजक्या वंशांकडे आहे असेच दिसत आले आहे. त्यांचे नेमके वंश ओळखण्यातही आपण दीर्घकाळ चुकत होतो. कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम नायट्रोबॅक्टरच्या नावावर लिहिले गेले. पुढे जनुकीय पद्धतींनी पाहिले तेव्हा बहुतेक केंद्रांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करीत असल्याचे आढळले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकटाच करणारे नायट्रोस्पायराचे प्रकार सापडले. ज्यांची ओळख पटण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, त्यांच्या जागी कोण पर्यायी उभा आहे हे आपण आधीच ठरवून टाकणे योग्य नव्हे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक सर्वेक्षणाने हा विषय आणखी गुंतागुंतीचा केला. सहा खंडांतील २३ देशांत मिळून २६९ केंद्रांचा गाळ त्यात तपासला गेला, आणि सर्वत्र आढळणारा गाभा म्हणावा असे गट केवळ २८ निघाले. घडणीत जो फरक पडतो त्यात निवडीपेक्षा योगायोगाचा, म्हणजे कोण कोठून येऊन पोहोचला आणि कोण निव्वळ नशिबाने वगळला गेला याचा, वाटा मोठा दिसतो असेही त्या संशोधकांनी नोंदविले. हे खरे असेल, तर एका केंद्राच्या ‘मूळ घडणी’ला आदर्श मानून तिच्याकडे परत येणे म्हणजे आरोग्य, असे समजण्याचा आधारच ढिला होतो. शेजारच्या केंद्रात निराळीच घडण तेच काम उत्तम करीत असेल.

५

प्रस्तुत लेखकाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आता मांडतो. पुनरावर्तनाचा काळ हा समूहाचा अंगभूत गुण आहे, असे निबंधांतील भाषेवरून वाटते. साधे गणित केले तर निराळे दिसते.

गाळाचे सरासरी वय १० दिवस आहे असे धरू. याचा अर्थ रोज एकंदर गाळाचा दहावा हिस्सा बाहेर जातो. एखाद्या विषामुळे नायट्रीकारक जीवाणूंची वाढ पाच दिवस पूर्ण थांबली, तर त्या मुदतीत ते मूळच्या सुमारे ६० टक्क्यांवर येतील. ते मेले म्हणून नव्हे. काढून टाकलेल्या गाळाबरोबर गेले म्हणून. विष ओसरल्यावर टाकीत अमोनिया मुबलक असतो, त्यामुळे ते आपल्या कमाल वेगाने वाढू लागतात. मरतुक वजा जाता हा वेग दिवसाला ०.३० असेल, तर गाळाबरोबर जाणारे ०.१० वगळून निव्वळ वेग ०.२० उरतो, आणि मूळ संख्या गाठण्यास सुमारे अडीच दिवस लागतात. पाणी थंड असल्यामुळे किंवा हवा अपुरी असल्यामुळे कमाल वेग ०.१२ असेल, तर निव्वळ वेग ०.०२ उरतो आणि तेवढ्याच भरपाईला पंचवीस दिवस लागतात. जीवाणू तेच, विष तेच, हानी तेवढीच. काळ मात्र दसपट. येथे ‘हा समूह अधिक पुनरावर्ती आणि तो कमी’ असा निवाडा देणाऱ्या संशोधकाने समूहाविषयी काहीच सांगितलेले नसते. त्याने नकळत तापमान आणि गाळाचे वय यांचे वर्णन केलेले असते.

हेच गणित हॉलिंग यांच्या अर्थालाही उजेडात आणते. थंडीने कमाल वेग ०.०९ वर उतरला, तर रोजची वजावट ०.१० असल्यामुळे नायट्रीकारक जीवाणूंचे टाकीत टिकणे अशक्य होते. उंबरठा ओलांडला गेला. परंतु निव्वळ ऱ्हास दिवसाला अवघा शेकडा एक असल्यामुळे संख्या निम्मी होण्यास सुमारे सत्तर दिवस लागतील. पहिल्या दिवशी येणाऱ्या अमोनियाचा साधारण दहावा हिस्सा निसटेल, आणि पुढे तो थोडाथोडा वाढत जाईल. या अवधीत महिन्याला एकदा नमुना घेणारा संशोधक ‘समूहाने प्रतिकार केला’ असे लिहील. वास्तविक समूह त्या वेळी कोसळत असतो, फक्त सावकाश. प्रतिकार आणि सावकाश होणारा नाश यांचा भेद एका-दोन नमुन्यांवरून होत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

याच्या उलट बाजूही आहे. आघाताची चाहूल लागताच केंद्रचालकाने जादा गाळ काढण्याची झडप बंद केली, तर पाच दिवसांतील ती ४० टक्क्यांची हानी बहुतांशी टळते. अर्थात हा उपाय बिनधोक नाही. निवळण टाकीवर भार वाढतो, आणि विष गाळालाच चिकटणारे असेल तर ते आपण हाताने सांभाळून ठेवल्यासारखे होते. तरीसुद्धा मुद्दा असा की, ज्याला आपण समूहाची क्षमता म्हणतो तिचा मोठा भाग एका माणसाच्या हातातील झडपेवर अवलंबून असतो. निबंधांतील आलेखांत ही झडप कोठेच दिसत नाही.

६

विविधतेने स्थैर्य वाढते, हे आणखी एक लोकप्रिय वचन. त्याच्या पुष्ट्यर्थ लीवेन विटेबोल व सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगाचा हवाला नेहमी दिला जातो. त्यांनी विनायट्रीकरण करणाऱ्या १८ जीवाणूंचे निरनिराळ्या प्रमाणांत मिश्रण करून १२६० लहान समूह तयार केले. जातींची संख्या सर्वांत सारखी होती. समप्रमाणता मात्र कमीजास्त होती. ताण आला तेव्हा ज्या समूहांत एखाददुसऱ्या जातीचेच प्राबल्य होते, त्यांचे कार्य अधिक ढासळले. प्रयोग नेटका आहे. परंतु त्यातील अठराही जाती एकच काम करणाऱ्या होत्या, हे वाचक विसरतात. त्याचा निष्कर्ष एका व्यवसायातील लोकांपुरता आहे, सबंध गावाला लावावयाचा नाही. सक्रियित गाळात नायट्रीकारक नेहमीच अल्पसंख्य असतात. एकूण गाळाची समप्रमाणता काढून त्यांच्या सुरक्षिततेचे अनुमान करणे म्हणजे बाजारातील दुकानांची संख्या मोजून गावात वैद्य किती हे सांगण्यासारखे आहे.

याहून बोधप्रद आहे तो सिंगापूरमधील एझेकिएल सांतियान, स्टेफान वुर्ट्झ आणि सहकारी यांचा २०१९ चा प्रयोग. गाळाच्या लहान पात्रांत त्यांनी ३-क्लोरोअ‍ॅनिलीन हे विषारी द्रव्य कधीच नाही ते रोज अशा आठ निरनिराळ्या वारंवारतांनी ३५ दिवसपर्यंत दिले, आणि प्रत्येक वारंवारतेची अनेक समान पात्रे चालविली. विविधता सर्वांत जास्त आढळली ती मध्यम वारंवारतेच्या पात्रांत. जोसेफ कॉनेल यांनी १९७८ मध्ये उष्णकटिबंधातील अरण्ये आणि प्रवाळभित्ती यांविषयी जी ‘मध्यम क्षोभा’ची कल्पना मांडली होती, तिला हे वरवर अनुकूल वाटते. त्या कल्पनेवर सैद्धांतिक आक्षेपही पुष्कळ आहेत आणि ती सोडूनच द्यावी असे २०१३ मध्ये जेरेमी फॉक्स यांनी प्रतिपादन केले होते. तो वाद येथे बाजूस ठेवू. खरा अर्थपूर्ण निष्कर्ष दुसराच आहे. क्षोभ मुळीच नसलेली पात्रे एकमेकांसारखी निघाली, रोज क्षोभ असलेलीही एकमेकांसारखी निघाली. मधल्या वारंवारतेची पात्रे मात्र समान वागणूक मिळूनही घडणीत आणि कार्यात एकमेकांपासून दूर गेली. तसेच विविधता जास्त म्हणून प्रत्येक कार्य चांगले, असे आढळले नाही, हे त्या संशोधकांनी स्वतःच स्पष्ट नमूद केले आहे.

म्हणजे विविधतेचे शिखर तेथेच अनिश्चिततेचेही शिखर. केंद्रचालकाच्या दृष्टीने हा निष्कर्ष आशादायक नसून सावध करणारा आहे. अधूनमधून येणारा क्षोभ हा सततच्या क्षोभापेक्षा सौम्य असेल, पण त्याचा परिणाम आधी सांगता येणे अधिक कठीण. आपल्याकडील केंद्रांना भोवणारे क्षोभ, जसे खंडित वीज, अवकाळी पाऊस, एखाद्या कारखान्याने रात्री सोडलेले द्रव्य, ते बहुधा याच मधल्या वर्गातील असतात. एकाच पात्रावर केलेल्या प्रयोगावरून त्यांविषयी काही बोलणे म्हणूनच व्यर्थ आहे. या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पात्रे लहान होती आणि त्यांना कृत्रिम सांडपाणी दिले जात होते. प्रत्यक्ष केंद्रात सांडपाण्याबरोबर नवे जीवाणू सतत येत असतात आणि गमावलेल्या वंशांची पेरणी पुन्हा होऊ शकते. बंद पात्रातील हानी कायमची दिसते, उघड्या टाकीतील ती तात्पुरती असू शकते.

७

मापनाविषयी थोडक्यात सांगितले पाहिजे. अनुक्रमवाचनाने मिळतात ती प्रमाणे, संख्या नव्हेत. समजा शंभरांपैकी ९० जीवाणू एका गटाचे व १० दुसऱ्या गटाचे आहेत. विषाने पहिला गट निम्मा झाला, दुसरा जागच्या जागी राहिला. आता एकूण ५५ पैकी दुसऱ्या गटाचा हिस्सा १० वरून १८ टक्क्यांवर जातो, आणि निबंधात वाक्य येते : ‘क्षोभाने दुसऱ्या गटाची वाढ झाली’. वाढ कोणाचीच झालेली नाही. एकाचा नाश झाला आहे. शिवाय मेलेल्या पेशींचे जनुकद्रव्य गाळाच्या कणांत काही काळ टिकून राहते व वाचनात जिवंत म्हणून मोजले जाते. म्हणजे ज्या क्षणी आपल्याला मृत आणि जिवंत यांचा भेद सर्वांत आवश्यक असतो, त्याच क्षणी आपले साधन तो करीत नाही. एकूण जीवभार, ऑक्सिजन घेण्याचा वेग आणि अमोनिया रूपांतरित होण्याचा वेग ही जुनी, स्वस्त आणि काहीशी कंटाळवाणी मापने जोडीला असल्याशिवाय प्रमाणांच्या आलेखाला अर्थ प्राप्त होत नाही.

८

एवढ्या चर्चेवरून सूक्ष्मजीवसमूहाचा अभ्यासच निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तंतुमय जीवाणूंनी गाळ फुगतो तेव्हा तो तंतू कोणत्या जातीचा हे कळल्यावाचून उपाय सापडत नाही. नायट्रोस्पायराची खरी भूमिका जनुकीय पद्धतींवाचून उमगलीच नसती. आक्षेप आहे तो क्रमाला. आधी कार्य कोणते आणि त्याची सुरक्षित मर्यादा कोणती हे ठरवावे. मग त्या कार्याची राखीव ताकद, म्हणजे कमाल वाढ आणि रोजची वजावट यांतील अंतर, काढावी. आणि एवढ्याने न उलगडणारा जो शेष राहील त्याच्या स्पष्टीकरणासाठी समूहाच्या घडणीकडे जावे. आज क्रम उलटा आहे. आधी घडण वाचली जाते, नंतर तिला साजेसे कार्य शोधले जाते.

प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. कोणत्याही केंद्रात गेलात की गाळाचा नमुना मागण्यापूर्वी तेथील नोंदवही मागावी. कोणत्या दिवशी किती गाळ काढला, हवा किती वाजता बंद पडली आणि किती वाजता सुरू झाली, पाण्याचा रंग कधी बदलला, कोणता वास आला, हे तेथील माणसाने तारीखवार टिपून ठेवलेले असते. नसल्यास ते टिपण्याची विनंती करावी. क्षोभाचा इतिहास त्या वहीत आहे. समूहाचा इतिहास आपण बाटलीत भरून आणतो, पण ती वही टेबलावर शेजारी उघडी नसेल तर बाटलीतून वाचलेल्या लक्षावधी अक्षरांवरून कशाने काय झाले हे सांगता येणार नाही. आर्डर्न आणि लॉकेट यांच्यापाशी अनुक्रमवाचनाचे यंत्र नव्हते. कोणत्या खेपेला किती दिवस लागले याची नोंद मात्र त्यांच्यापाशी होती, आणि तिच्याच आधारावर एक सबंध शास्त्र उभे राहिले.